आधी कीर्द

पायगोंडा दिवाणजी सांगायचे,
आधी कीर्द, मग खतावणी.
जे घडलं ते घडल्या क्रमानं टिपून ठेव,
कुणाच्या खात्यावर काय चढवायचं
ते सावकाश, दिवे लागल्यावर.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या माझ्या डेटाबेसला
हे कुणी न सांगता येत होतं.

सौदे थांबवा, मला नक्कल काढायचीय, असं म्हटलं असतं
तर व्यापाऱ्यांनी मलाच पोत्यात घालून तोंड शिवलं असतं.
फेब्रुवारी संपत आलेला,
राजापुरी हळदीची थप्पी छपराला टेकलेली,
कीबोर्डच्या फटींतही पिवळं.
तशा चालू बाजारात, सोमवारी, मी नक्कल काढली.
पहिलं पान साडेदहाचं, शेवटचं पावणेबाराचं,
एका अडत्याची नावे बाजू आली, जमा यायची राहिली.
काटा हलत असताना घेतलेला फोटो.
असली नक्कल एकटी कुणाला दाखवू नये.
तिच्यासोबत त्या सव्वा तासाची कीर्द द्यावी,
एक ओळ न गाळता.
मग ती सरळ उभी राहते.

कीर्दीचे तुकडे सोळा एमबीचे.
भरला की बंद, बंद की मिरजेला,
स्टेशनामागच्या गाळ्यातल्या दुसऱ्या मशीनवर.
तिकडून शून्य आला तरच पोचला समजायचं,
तोवर इथला पुसायचा नाही.
मधला एक हरवला
तर त्याच्या पुढचे सगळे रद्दी.

"शून्य म्हंजे चांगलं कसं, ताई?"
शून्य म्हणजे तक्रार नाही, दिवाणजी.
"आमच्या दुकानात असला शून्य कधी आला न्हाई."

गुरुवारी तीन बेचाळीसला
इर्शाद मुल्लाणी, कामावर येऊन बारा दिवस झालेला,
एका कलमाचा भाव दुरुस्त करायला गेला
आणि कुठल्या कलमाचा, ते सांगायचं विसरला.
अख्ख्या हंगामाची हळद
अकरा हजार चारशेला विकली गेली.
कुणी ओरडलं नाही.
पंखा तेवढा ऐकू यायला लागला.

सोमवारची ती वाकडी नक्कल मी उतरवली
आणि मिरजेहून तुकडे मागवले, नंबरवारीनं.
मंगळवार वीस मिनिटांत झाला. बुधवार जरा जास्त.
विकलेली पोती पुन्हा विकली गेली,
चुकलेले आकडे पुन्हा चुकले, पुन्हा दुरुस्त झाले,
एकाही हमालाला घाम न येता.
मी लिहिलं होतं, तीन एकेचाळीसला थांब.
थांबलं.

पण तीन बेचाळीसनंतरही बाजार चालूच होता की.
मधली अकरा कलमं खरी होती, आता कुठंच नव्हती.
दिवाणजींनी बंडीतून लांबट वही काढली, थुंकी लावून पान उलटलं,
आणि वाचत गेले.
इर्शाद प्रत्येक ओळीला मोठ्यानं विचारत होता,
कुठलं कलम?
कुठलं कलम?

रात्री चहा बशीत ओतताना म्हणाले,
"मागं कुठंवर जाता येतं ह्यात?"
नक्कल असेल तिथून पुढं. हवं त्या मिनिटाला.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
"हरिपुरात पेवांत पाणी शिरलं, त्याच्या आदल्या सांजंला
मालक काढूया म्हणत हुते.
मी म्हटलं, राहू द्या, भाव चढंल."
बशी तशीच हातात.
"तवाची नक्कल नसंल."
नाही.
"कीर्द हाय माझ्याकडं. सगळी. तारीखवार."

नकलेशिवाय कीर्द
नुसती वाचता येते.
हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांना ते येत होतं.

स्क्रीनवर एक तुकडा भरला, बंद झाला, गेला.
मिरजेहून शून्य आला.